बाळंतविडा

बाळंतविडा म्हणजे मूल जन्मल्यानंतर बाळ आणि बाळंतीण यांना सासर-माहेरच्या नातेवाइकांकडून मानाने दिला जाणारा वस्तूंचा संच होय. महाराष्ट्रातील आणि महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत ही प्रथा आढळते. बाळाचे कपडे, पांघरुणे, पाळण्याचे साहित्य, बाळलेणी, तसेच बाळंतिणीसाठी साडी-चोळी आणि पौष्टिक खाद्यपदार्थ यांचा त्यात समावेश होतो. यांपैकी कपडे आणि पांघरुणे पूर्वी बहुतांश घरीच, जुन्या सुती साड्या व धोतरांमधून शिवली जात. घरगुती शिवणकामाच्या मराठी परंपरेतील हा सर्वांत परिचित भाग आहे.

== शब्द आणि प्रथा ==

'बाळंत' आणि 'विडा' या दोन पदांपासून हा शब्द बनला आहे. मंगलप्रसंगी मान म्हणून पानाचा विडा देण्याची रीत असल्यामुळे 'विडा' या शब्दाला सन्मानपूर्वक दिलेली भेट असाही अर्थ प्राप्त झाला. बाळंतविड्यात प्रत्यक्ष पान-सुपारी असेलच असे नाही.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची पद्धत असल्याने बाळंतविड्याची देवाणघेवाण दोन प्रसंगी होते. बारशाला सासरची मंडळी बाळासाठी कपडे व दागिने घेऊन येतात, आणि पुढे बाळंतीण सासरी परत जाताना माहेरची माणसे तिच्यासोबत बाळंतविडा देतात. कोणी काय आणावे याचे संकेत घराघरांत वेगळे आहेत. बाळाचे नाव ठेवण्याचा मान आत्याचा असल्याने अनेक घरांत कुंची किंवा अंगडे-टोपडे तिनेच आणावे असा प्रघात आहे. मावश्या, काकू, शेजारणी यांच्याकडूनही लहानसहान वस्तू येतात. एका घरात वापरून झालेली झबली-टोपडी दुसऱ्या घरी देणे कमीपणाचे मानले जात नाही. उलट सुदृढ वाढलेल्या मुलाचे कपडे नव्या बाळाला घालणे शुभ समजले जाते.

मूल जन्मण्यापूर्वी त्याच्यासाठी नवे कपडे आणू वा शिवू नयेत, अशी समजूत पुष्कळ कुटुंबांत होती आणि काही प्रमाणात आजही आहे. बालमृत्यूचे प्रमाण मोठे असलेल्या काळात तिचे मूळ शोधणे अवघड नाही. या समजुतीचा परिणाम शिवणकामावर झालेला दिसतो. जुने कापड गर्भारपणातच निवडून, धुऊन, घड्या घालून ठेवले जाई. कातर मात्र बाळ जन्मल्यावरच चाले. जन्म ते बारसे या बारा दिवसांत घरातील स्त्रिया इतर कामे सांभाळून पाच-सहा झबली, तितकीच टोपडी, डझन-दोन डझन लंगोट व बाळोती आणि एक-दोन दुपटी हातावेगळी करीत. मापे घेण्यास किंवा काजे-बटणे करण्यास सवड नसे. या कपड्यांचा बेत इतका साधा असण्याचे हेही एक कारण मानता येईल.

== घटक ==

कपड्यांत झबले (अंगडे), टोपडे, कुंची, लंगोट आणि बाळोती येतात. पांघरुणांत दुपटे, दुलई आणि लहान गोधडी. पाळण्यासाठी गादी आणि मोहरी किंवा कापूस भरलेली उशी असते. पाळण्यावर टांगण्यासाठी चिंध्यांच्या चिमण्या-पोपटांचे चिमणाळे करतात. उरलेल्या रंगीत तुकड्यांत कापूस भरून ते शिवले जाते आणि त्यात घरातील मोठी मुलेही हात लावतात. बाळलेण्यांत वाळे, तोडे, बिंदल्या, मनगट्या अशा चांदीच्या किंवा काळ्या मण्यांच्या वस्तू असतात. बाळंतिणीसाठी साडी, खण, डिंकाचे, मेथीचे व अळिवाचे लाडू, खारीक-खोबरे, सुंठ, बाळंतशोपा आणि ओवा दिला जातो.

== कापड ==

बाळाच्या अंगाला लागणारे कापड जुने असावे, हा या शिवणकामाचा पहिला नियम आहे. तो केवळ काटकसरीतून आलेला नाही. गिरणीतून आलेल्या कोऱ्या सुती कापडावर खळ असते, आणि कापसाच्या तंतूवर नैसर्गिक मेणाचा पातळ थर असतो. त्यामुळे कोरे कापड पाणी चटकन शोषत नाही आणि अंगाला खरखरीत लागते. वारंवार धुण्याने खळ व मेण निघून जातात, तंतू सैल होतात आणि कापड मऊ व शोषक बनते. रंग जाणारे कापड असेल तर तेही तोवर उघडकीस आलेले असते. सुरकुती न पडणाऱ्या आधुनिक कापडांवर फॉर्माल्डिहाइडयुक्त रसायनांची प्रक्रिया केलेली असू शकते, आणि नाजूक त्वचेला त्याचा दाह होऊ शकतो. या कापडांच्या बाबतीत जुना नियम पूर्वीपेक्षा अधिक लागू पडतो.

नऊवारी लुगडे हे या कामाचे मुख्य भांडार होते. लुगडे सर्वत्र सारखे विरत नाही. बसण्या-उठण्याने मधला भाग आधी झिजतो, तर काठ आणि पदर बराच काळ टिकतात. त्यानुसार कापडाची वाटणी होई. विरलेल्या, जवळजवळ मलमलीसारख्या झालेल्या भागाचे लंगोट व बाळोती होत. मध्यम झिजलेल्या भागाची झबली बेतली जात. धडका भाग दुपट्याच्या वा गोधडीच्या वरच्या थराला लागे आणि काठांची कडेला पट्टी बसे. धोतर व पंचे पांढरे असल्याने लंगोटांसाठी विशेष पसंत केले जात, कारण पांढऱ्या कापडावर बाळाच्या शी-शूचा रंग स्पष्ट दिसतो आणि आजाराची चाहूल लवकर लागते. कृत्रिम धाग्यांच्या साड्या प्रचारात आल्यावर ही साखळी तुटू लागली. नायलॉन किंवा पॉलिएस्टरची साडी कितीही जुनी झाली तरी ती घाम वा लघवी शोषत नाही, म्हणून तिचा लंगोट होत नाही.

नवे कापड घ्यायचेच झाल्यास मलमल, वायल, केंब्रिक किंवा थंडीसाठी फ्लानेल घेतात आणि बेतण्यापूर्वी ते निदान दोन-तीन वेळा धुतात. न धुतलेले सुती कापड पहिल्या धुण्यातच आटते, आणि एवढ्याशा झबल्याला दोन बोटांचा फरकही पुरेसा असतो.

== बेतणे आणि शिवणे ==

पूर्ण दिवसांच्या नवजात बाळाच्या डोक्याचा घेर सुमारे ३३ ते ३५ सेंटिमीटर असतो आणि छातीचा घेर त्याहून थोडा कमी. घरगुती शिवणकामात मापपट्टीऐवजी वीत आणि बोटे वापरली जात. झबल्यासाठी कापडाची चौघडी घालून ते एकदाच कापतात. घडीच्या कोपऱ्यात गळ्याचा पाव गोल, एका बाजूस बाहीची आडवी पट्टी आणि खाली थोडा घेर ठेवला की उलगडल्यावर इंग्रजी 'टी' अक्षरासारखा पूर्ण कपडा मिळतो. खांद्यावर शिवण येत नाही. समोर किंवा पाठीवर मधोमध उभी चीर देऊन तेथे बंद लावतात. बंदांमुळे कपडा बाळ वाढेल तसा सैल करता येतो, आणि तो डोक्यावरून ओढून काढावा लागत नाही. मान न धरणाऱ्या बाळाच्या बाबतीत ही मोठीच सोय आहे. बटण गिळले जाण्याची भीतीही राहत नाही.

बाजूच्या शिवणी धावदोऱ्याने घालून पुन्हा उलटी टीप मारतात आणि शिवणीची कड कपड्याच्या बाहेरच्या बाजूस ठेवतात. वरून पाहता झबले उलटे घातल्यासारखे दिसते, परंतु आतील बाजू सपाट राहते. गळ्याला व बाह्यांना त्याच कापडाची तिरकी (उरेब) पट्टी लावली जाते, कारण सरळ पट्टी गोलाईवर बसत नाही आणि काचते. शिवणयंत्र असलेल्या घरांतही गळ्याची पट्टी हातानेच हेम करण्याचा आग्रह जुन्या स्त्रिया धरीत. यंत्राच्या टिपेचा दुहेरी धागा आतून टोचतो, असा त्यांचा अनुभव होता.

लंगोट त्रिकोणी असतो. चौकोनी तुकडा कर्णावर दुमडून कडा शिवल्या की तो तयार होतो. कंबरेला नाडी लावतात किंवा टोकांचीच गाठ मारतात. टोपडे दोन प्रकारे बेतले जाते. एका प्रकारात कपाळापासून मानेपर्यंत जाणारी मधली पट्टी आणि दोन गोलसर बाजू असे तीन तुकडे जोडतात. दुसऱ्यात आयताकृती कापडाच्या एका कडेला नाडी ओवून ती मागे आवळतात. पहिला प्रकार सुबक दिसतो, तर दुसरा वाढत्या डोक्याला अधिक काळ पुरतो.

== कुंची ==

कुंची हा बाळंतविड्यातील सर्वांत देखणा कपडा होय. डोके, कान, मान आणि पाठ एकत्र झाकणारी ही टोपीयुक्त ओढणी असून ती हनुवटीखाली बंदाने बांधली जाते. मागचा भाग कंबरेपर्यंत किंवा त्याखाली मोकळा सोडतात. रोजच्या वापराची कुंची सुती किंवा फ्लानेलची असते. बारशाची कुंची मात्र खणाची, रेशमी साडीच्या तुकड्याची किंवा जरीकाठाची करतात. उत्तर कर्नाटकातील गुळेदगुड्ड येथे विणला जाणारा खण त्याच्या ठसठशीत काठामुळे कुंचीला शोभून दिसतो: काठ चेहऱ्याभोवती महिरपीसारखा येईल असा तुकडा बेतणे हे कौशल्याचे काम मानले जाते. रेशीम किंवा जर थेट बाळाच्या त्वचेला लागू नये म्हणून आत जुन्या मलमलीचे अस्तर देतात.

डोके झाकण्याच्या या आग्रहाला शरीरशास्त्राचा आधार आहे. नवजात बाळाच्या शरीराच्या एकूण पृष्ठभागापैकी सुमारे पाचवा हिस्सा डोक्याचा असतो; प्रौढ माणसात हे प्रमाण त्याच्या निम्म्याहून कमी असते. बाळ थंडीत प्रौढांप्रमाणे कुडकुडून उष्णता निर्माण करू शकत नाही. कमी वजनाच्या बाळांच्या बाबतीत उघड्या डोक्यातून होणारा उष्णतेचा ऱ्हास धोकादायक ठरू शकतो. म्हणून बाळाला आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवण्याच्या 'कांगारू मातृसेवा' पद्धतीतही डोक्यावर टोपी घालण्यास सांगितले जाते.

== दुपटे आणि गोधडी ==

दुपटे नावाप्रमाणे दोन पदरी असते. बाळाला गुंडाळणे, पुसणे, अंगाखाली अंथरणे, उन्हापासून झाकणे अशा अनेक कामी ते येते. चार पदर घेतल्यास त्याला चौघडी म्हणतात. गोधडी, जिला काही भागांत वाकळ असे नाव आहे, अनेक थरांची असते. थर जमिनीवर ताणून अंथरून प्रथम लांब कच्च्या टाक्यांनी एकत्र धरतात आणि मग कडेकडून आत येत समांतर ओळींत धावदोरा घालतात. टाक्यांच्या ओळी जितक्या जवळ, तितकी गोधडी टिकाऊ. परंतु फार दाट टाक्यांनी ती कडक होते आणि थरांमध्ये साठणारी हवा कमी झाल्याने ऊबही घटते. बाळाच्या गोधडीला म्हणून मोठ्यांच्या गोधडीपेक्षा विरळ टाके घालतात.

आजीच्या किंवा पणजीच्या लुगड्याची गोधडी हा मराठी घरांत विशेष जिव्हाळ्याचा विषय आहे. परदेशी मुलीच्या बाळंतपणासाठी जाणाऱ्या आयांच्या सामानात लाडूंचे डबे आणि गोधडी या दोन गोष्टी हमखास असतात.

== बोरन्हाणाचे कपडे ==

बाळंतविड्याशी थेट संबंधित नसले तरी त्याच शिवणकामाचा पुढचा टप्पा म्हणजे पहिल्या संक्रांतीचे कपडे. बाळाच्या पहिल्या संक्रांतीनंतर रथसप्तमीपर्यंत सोयीच्या दिवशी बोरन्हाण करतात. त्या वेळी काळ्या कापडाचे झबले किंवा परकर-पोलके शिवले जाते; एरवी बाळाला वर्ज्य मानलेला काळा रंग या दिवशी मुद्दाम वापरतात. हलव्याचे दागिने घरीच करायचे असल्यास हलव्याचे दाणे दोऱ्याने गुंफून किंवा पुठ्ठ्यावर चिकटवून मुकुट, हार, बाजूबंद, बासरी असे प्रकार तयार करतात. हलव्याचे दाणे श्वासनलिकेत अडकू शकतात, म्हणून विधी आटोपताच दागिने उतरवणे आवश्यक असते.

== आरोग्य आणि सुरक्षितता ==

जुन्या कापडाच्या वापरातील सर्वांत गंभीर धोका कापडात नसून ते साठवण्याच्या पद्धतीत आहे. ट्रंकेत किंवा कपाटात कसर लागू नये म्हणून ठेवल्या जाणाऱ्या डांबराच्या गोळ्या बहुधा नॅप्थलीनच्या असतात. नॅप्थलीनची वाफ कापडात मुरते आणि श्वासातून व त्वचेतून बाळाच्या शरीरात जाते. ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजनेज (जी-६-पी-डी) या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांमध्ये त्यामुळे तांबड्या रक्तपेशी वेगाने फुटतात. पेशी फुटल्याने रक्तातील बिलिरुबिन वाढून तीव्र कावीळ होते; ती वेळीच आटोक्यात आली नाही तर मेंदूला कायमची इजा, बहिरेपणा किंवा मृत्यूही ओढवू शकतो. ही कमतरता एक्स गुणसूत्राशी निगडित असल्याने मुलग्यांमध्ये अधिक आढळते. भारतात पारशी समाजात व काही आदिवासी समाजांत तिचे प्रमाण अधिक आहे, परंतु ती इतरत्रही आढळते आणि जन्मतः तिचे कोणतेही बाह्य लक्षण दिसत नाही. नॅप्थलीन तेलात विरघळते. त्यामुळे तेल लावलेल्या अंगावर असे कपडे घातल्यास ते अधिक शोषले जाण्याचा संभव असतो. मराठी घरांत बाळाला रोज तेल लावून न्हाऊ घालतात, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. डांबरगोळ्यांत ठेवलेले कापड बाळासाठी न वापरणे हाच सुरक्षित मार्ग होय. पूर्वी कपड्यांच्या घड्यांत वेखंडाचे तुकडे किंवा कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवीत. बाळंतविड्यासाठी राखून ठेवायच्या कापडाबाबत ही रीत आजही उपयोगी आहे.

शिवणीची कड बाहेर ठेवण्याच्या रिवाजामागेही मऊपणापलीकडचे कारण सांगता येते. आतील सुटा धागा किंवा केस बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला जाऊन रक्तपुरवठा बंद पडू शकतो. बाळ रडत राहते आणि कारण कळत नाही. क्वचित बोट गमवावे लागते. हातमोजे व पायमोज्यांत हा धोका विशेष असतो, म्हणून ते घालण्यापूर्वी उलटे करून तपासावेत असे बालरोगतज्ज्ञ सांगतात.

कुंची आणि टोपड्याचे बंद हा या परंपरेचा कच्चा दुवा आहे. लांब बंद गळ्याभोवती आवळला जाऊ शकतो. युरोपातील ईएन १४६८२ या मानकानुसार लहान मुलांच्या कपड्यांना डोके व गळ्याच्या भागात नाड्या वा बंद लावता येत नाहीत. घरी शिवताना बंद आखूड ठेवणे किंवा त्याऐवजी चिकटपट्टी वापरणे शक्य आहे. बाळ झोपलेले असताना अथवा एकटे असताना कुंची काढून ठेवणे मात्र कोणत्याही परिस्थितीत आवश्यक मानले जाते. झोपेत जाड गोधडी, उशी किंवा सैल पांघरूण तोंडावर येऊन श्वास कोंडण्याचा धोका असल्याने तान्ह्या बाळाला सपाट पृष्ठभागावर उताणे झोपवावे आणि अंथरुणात सैल वस्तू ठेवू नयेत, असा वैद्यकीय सल्ला आहे. त्या दृष्टीने बाळंतविड्यातील गोधडी अंगावर घालण्यापेक्षा बाळ जागे असताना अंगाखाली अंथरण्यास योग्य ठरते.

दुपट्यात गुंडाळताना पाय सरळ करून घट्ट बांधण्याची सवय खुब्याच्या सांध्याला अपायकारक आहे. जपानमध्ये १९७० च्या दशकात बाळांचे पाय असे ताठ न बांधण्याविषयी मोहीम राबवल्यानंतर खुबा निखळण्याच्या विकाराचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले. हात जवळ घेऊन छातीपर्यंत गुंडाळावे आणि पाय बेडकासारखे दुमडण्यास मोकळे सोडावेत, ही आजची शिफारस आहे.

कपडे उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवण्याची जुनी पद्धत जंतुसंसर्ग टाळण्यास उपयुक्त आहे. नाळ गळून पडेपर्यंत तिला अस्वच्छ कापडाचा स्पर्श होणे हे नवजात धनुर्वाताचे एक कारण होते. लसीकरण व स्वच्छ प्रसूतीच्या प्रसारामुळे माता व नवजात धनुर्वाताचे निर्मूलन भारताने साध्य केल्याचे २०१५ मध्ये मान्य करण्यात आले. तिन्हीसांजेनंतर बाळाचे कपडे बाहेर ठेवू नयेत हा संकेत श्रद्धेचा भाग असला, तरी दवाने ओलसर झालेले व किडे-मुंग्या चढलेले कपडे टाळण्यास त्याची मदत होतेच.

== बदलते स्वरूप ==

हे शिवणकाम मुली घरात पाहून शिकत. विसाव्या शतकात त्याला वर्गांची जोड मिळाली. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या पुण्यातील सेवासदनासारख्या संस्थांनी स्त्रियांना शिवणकाम शिकवले आणि पुढे शाळांच्या अभ्यासक्रमातही झबले-टोपडे हा मुलींच्या शिवणाचा ठरीव पाठ झाला. शिवणयंत्र मध्यमवर्गीय घरांत स्थिरावल्यावर बाळंतविडा शिवून देणे हा काही स्त्रियांचा चरितार्थाचा व्यवसाय बनला. यंत्रांविषयी साशंक असलेल्या महात्मा गांधींनी १९२४ मध्ये शिवणयंत्राचा उल्लेख अपवाद म्हणून केला होता.

तयार कपडे, फेकून देण्याचे लंगोट आणि लहान झालेली कुटुंबे यांमुळे विसाव्या शतकाच्या अखेरीस घरगुती बाळंतविडा आक्रसत गेला. आज बाजारात 'बाळंतविडा' या नावाने सजवलेल्या टोपल्या व पेट्या विकत मिळतात. त्यांत कुंची असते, पण ती पुष्कळदा कृत्रिम रेशमाची आणि बिनअस्तराची असते. दुसरीकडे जुन्या साड्यांपासून गोधड्या शिवून देणारे स्त्रियांचे गट शहरांत काम करू लागले आहेत आणि धुऊन वापरण्याच्या सुती लंगोटांची मागणीही काही प्रमाणात परतली आहे.

बाळाच्या पहिल्या कपड्यांची जबाबदारी शासनाने उचलल्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण फिनलंडचे आहे. तेथे १९३८ पासून अल्प उत्पन्नाच्या मातांना प्रसूतीसंच देण्यास सुरुवात झाली आणि १९४९ पासून वेळेवर तपासणीस येणाऱ्या सर्व मातांना तो खुला झाला. आरंभीच्या संचांत तयार कपड्यांसोबत कापडही असे, कारण बाळाचे कपडे आईने घरी शिवण्याची तेथेही रीत होती. महाराष्ट्र शासनाने २०१९ च्या सुमारास शासकीय आरोग्य संस्थांमध्ये पहिल्या प्रसूतीसाठी येणाऱ्या मातांना 'बेबी केअर किट' देण्याची योजना सुरू केली. त्यात बाळाचे कपडे, लंगोट, मच्छरदाणी, तेल अशा तयार वस्तूंचा समावेश होता.